यंत्रानं खरं बोलावं

‘श्रीमंतांचे चोचले’ हे दोन शब्द मराठी माणसाच्या जिभेवर कायम तयार असतात. जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय काढा किंवा दोन सीटच्या छोट्या विमानाचा, पहिल्या मिनिटाला हे शब्द येतात. दुसऱ्या मिनिटाला ‘जिवावर उदार झालायस का?’ येतं. आणि समोरचा माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला असेल, तर तिसऱ्या मिनिटाला ‘अरे, आता गाड्या आपल्या आपण चालणार आहेत, तू कसले क्लच दाबत बसलायस?’ हेही येतं.

या तिन्ही आक्षेपांत थोडंफार तथ्य आहे आणि ते मी पुढे मान्य करणार आहे. पण आधी या छंदांच्या बाजूनं बोलणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ते ‘गाडीला आत्मा असतो’, ‘आकाशाची ओढ’, ‘पूर्वीची मजाच वेगळी’ असलं काहीबाही बोलून विषय गुळगुळीत करून टाकतात. मग टीका करणाऱ्यांचं फावतं. आत्मा वगैरे काही नसतं. जे असतं ते मोजता येतं, आकृती काढून दाखवता येतं, आणि ते दोन्हीकडे एकच असतं. जुनी स्पोर्ट्स कार आणि छोटं विमान ही दोन्ही यंत्रं आपली मर्यादा ओलांडली जाण्याआधी आपल्याला सांगतात, मध्ये कुणी दुभाषी न ठेवता, थेट हाताला, कानाला आणि बुडाला. ते ऐकणं आणि त्याप्रमाणे हातपाय चालवणं हाच तो आनंद. वेग, पैसा, भूतकाळ या गोष्टी त्याला चिकटलेल्या आहेत. त्या बाजूला काढल्या तरी तो शिल्लक राहतो.

कोणती यंत्रं म्हणतोय ते आधी सांगतो, कारण ‘जुनी स्पोर्ट्स कार’ म्हटलं की लोकांना लिलावात कोट्यवधींना जाणारी फेरारी दिसते, आणि ‘स्वतःचं विमान’ म्हटलं की उद्योगपतीचं जेट. मला अभिप्रेत आहे एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ही गाडी पाच लाखांवर बनली. चार सिलिंडरचं १८०० सीसीचं साधं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, कापडी टप. शाळामास्तरांनी आणि कारकुनांनी विकत घेतलेली गाडी. किंवा १९५७ची लोटस सेव्हन, जी कर वाचावा म्हणून सुट्या भागांत विकली जायची आणि घरच्या गॅरेजात जोडायची असायची. तिचं वजन साधारण पाचशे किलो. विमानांत टायगर मॉथ: १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं, लाकूड, धातूच्या नळ्या आणि कापड यांचं, दोन मजली पंखांचं प्रशिक्षण विमान. रिकामं असताना त्याचंही वजन साधारण पाचशे किलोच. इंजिन १३० अश्वशक्तीचं. किंवा सेस्ना १५०, शंभर अश्वशक्तीची, जगभरच्या हजारो वैमानिकांनी जिच्यात पहिले धडे गिरवले ती. आजच्या मध्यम हॅचबॅकमध्ये याहून जास्त ताकद असते. तेव्हा ‘वेगाची नशा’ हा आरोप इथेच गळून पडतो. टायगर मॉथ जीव तोडून पळालं तरी ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जातं.

ही दोन जगं मी ओढूनताणून एकत्र आणत नाहीये. ती एकाच जमिनीवर वाढली, अक्षरशः. लंडनजवळचा ब्रुकलँड्सचा मोटार शर्यतींचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या मधल्या जागेत विमानं बनू आणि उडू लागली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडभर ओस पडलेले हवाई तळ होते. वेलिंग्टन बॉम्बरच्या वैमानिकांचं प्रशिक्षण जिथे चालायचं, त्या सिल्व्हरस्टोनच्या धावपट्ट्यांवर १९४८मध्ये ग्रां प्री झाली. त्याच वर्षी गुडवुडच्या लढाऊ विमानांच्या तळाभोवतीचा रस्ता शर्यतीचा ट्रॅक झाला. आजही त्या ट्रॅकच्या पोटात गवताच्या धावपट्ट्या आहेत आणि तिथून छोटी विमानं उडतात. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमला हेच झालं. युद्धकाळातली धावपट्टी, आणि तिच्यावर कित्येक दशकं मोटारींच्या शर्यती.

माणसंही तीच होती. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन लंडनला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकला, आणि पुढे आयुष्यभर गाडीतून वजन काढत राहिला. वजन हा शत्रू असतो, हे विमानवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. १९६६मध्ये त्यानं कारखाना हलवला तोही हेथेलच्या जुन्या बॉम्बर तळावर. लोटसच्या सुरुवातीच्या शर्यती गाड्यांना आकार देणारा फ्रँक कॉस्टिन डी हॅविलंड या विमान कंपनीतला. जॅग्वार ई-टाइपच्या आकारामागचा माल्कम सेयर ब्रिस्टल विमान कंपनीतून आलेला. गाडीकडे ही माणसं जमिनीवर राहिलेलं विमान म्हणूनच पाहत होती.

पण खरं नातं इतिहासात नाही, भौतिकशास्त्रात आहे. गाडी वळणावर असते तेव्हा टायरचं तोंड ज्या दिशेला असतं नेमकी त्याच दिशेला ती जात नाही. काही अंशांचा फरक पडतो. हा कोन वाढला की टायरची बाजूची पकड वाढते. आणखी कोन, आणखी पकड. मग एका जागी आलेख सपाट होतो, आणि त्यापुढे कोन वाढवला तर पकड कमी होते. गाडी घसरते. आता विमानाचा पंख घ्या. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन वाढला की उचल वाढते. साधारण पंधरा अंशांपर्यंत. मग आलेख सपाट होतो, आणि पुढे पंखावरची हवा सुटते, उचल ढासळते. याला स्टॉल म्हणतात. (इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. बातम्यांत हा घोळ दर वेळी होतो.) इंजिनीअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्यासमोर हे दोन आलेख अक्षांची नावं झाकून ठेवले, तर कुठला रबराचा आणि कुठला पंखाचा हे सांगताना तो गडबडेल.

आणि दोन्हीकडे यंत्र त्या शिखराजवळ पोहोचलं की बोलायला लागतं. एमजीबीच्या स्टिअरिंगला पॉवर वगैरे काही नाही. रस्ता, टायर, दोन-तीन लोखंडी दांडे आणि तुमचे तळहात. पुढची चाकं पकडीच्या टोकाला आली की हातातलं स्टिअरिंग जरा हलकं पडतं. जड होत होत मध्येच हलकं. एवढंच वाक्य, पण ते वेळेवर येतं. त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरांची पकडही झटकन न सुटता हळूहळू सुटायची, त्यामुळे हे संभाषण लांबायचं. विमानात स्टिक मागे ओढत गेलं की वाऱ्याचा आवाज मंदावतो, स्टिक लिबलिबीत होते, शेपटीला सुटलेल्या हवेचे धक्के बसायला लागतात. टायगर मॉथच्या दोन पंखांमध्ये ताणलेल्या तारा वाऱ्यात शिट्टी घालतात. मुरलेला वैमानिक त्या सुरावरून वेग ओळखतो.

सेस्ना १५० आणि १५२मध्ये तर याहून गमतीची गोष्ट आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. तिथून एक नळी निघते आणि नळीच्या टोकाला असते एक रीड, आपल्या पेटीत किंवा माउथ ऑर्गनमध्ये असते तशी. पंख स्टॉलच्या जवळ आला की त्या भोकापाशी हवेचा दाब कमी होतो, रीडमधून हवा ओढली जाते आणि ती वाजायला लागते. वायर नाही, बॅटरी नाही, कोडची एक ओळ नाही. हवा स्वतःच सांगते, ‘मी आता सुटते आहे.’ इंग्लंडमध्ये नोकरीला आल्यावर मी सुटीच्या दिवशी काही तास उड्डाण शिकलो. अजून लायसन्स नाही. पण प्रशिक्षकानं पहिल्यांदा स्टॉल दाखवला तेव्हा विमान पडेल या भीतीपेक्षा त्या केविलवाण्या सुराचं नवल मोठं होतं. दिवसभर मी जी सिस्टिम लिहितो, तिच्यात एवढा प्रामाणिक एकही अलर्ट नाही.

इथून माझं खरं भांडण सुरू होतं, आणि ते माझ्याच धंद्याशी आहे. आम्हाला पहिल्या नोकरीपासून शिकवतात की उत्तम इंटरफेस म्हणजे जो दिसतच नाही. वापरणाऱ्याला आत काय चाललंय ते कळू देऊ नका, त्याला त्रास होतो. बँकेच्या अ‍ॅपपुरतं हे ठीक. पण हीच श्रद्धा घेऊन आम्ही मोटारींत आणि विमानांत शिरलो. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हणजे कॉम्प्युटरला विनंती करणं. पॉवर स्टिअरिंगची मोटर हाताला किती जाणवू द्यायचं हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतो. कळस म्हणजे २०११च्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाजवायची सोय केली गेली, कारण केबिन इतकी शांत झाली होती की खरा आवाज पुरेसा आत येईना. याला मी खोटं बोलणं म्हणतो. आधी खरी खबर गाळून टाकायची आणि मग तिची मिमिक्री करून ऐकवायची.

यावर कुणी म्हणेल, गाडीच्या आवाजानं काय आभाळ कोसळतं? आवाजानं नाही कोसळत. पण तीच सवय दुसरीकडे कुठे जाते ते पाहा. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए३३० अटलांटिकमध्ये पडलं. २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं चोंदल्या, ऑटोपायलट सुटला, आणि चालवणाऱ्या वैमानिकानं नाक वर ओढलं. विमान स्टॉल झालं आणि साधारण साडेतीन मिनिटं कोसळत राहिलं. चूक वैमानिकांची होती, हे चौकशी अहवाल वाचून नाकारता येत नाही. स्टॉलचा इशारा बराच वेळ वाजत असूनही त्यांनी त्यावर कृती केली नाही. पण त्याच अहवालातली एक गोष्ट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. मोजलेला वेग ६० नॉट्सच्या खाली गेला की त्या विमानाची प्रणाली पंखाच्या कोनाचं मोजमाप अवैध धरायची, आणि म्हणून स्टॉलचा इशारा थांबायचा. म्हणजे विमान सर्वांत खोल स्टॉलमध्ये असताना इशारा गप्प. आणि नाक जरा खाली आणलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढून माहिती पुन्हा वैध, आणि इशारा पुन्हा सुरू. बरोबर वागल्यावर ओरडणारं आणि चुकीचं वागल्यावर गप्प बसणारं यंत्र.

ती अट कुणी दुष्टपणानं लिहिलेली नव्हती. ‘इतक्या कमी वेगाला सेन्सरवर भरवसा ठेवू नये’ हा अगदी शहाणा विचार आहे. माझ्यासमोर तो कोड तपासायला आला असता तर मीही मंजूर केला असता. शिवाय त्या विमानाच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. शेजारचा काय करतोय ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. टायगर मॉथमध्ये पुढची स्टिक हलली की मागची हलते, कारण दोन्ही एकाच दांड्याला जोडलेल्या आहेत. मग २०१८ आणि २०१९मध्ये बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. तिथे तर एका सेन्सरच्या भरवशावर नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर विमानात आहे, हेच पहिला अपघात होईपर्यंत वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं.

माझ्या तोंडात कुणी ‘कॉम्प्युटर काढून टाका’ असं वाक्य घालू नये. प्रवासी विमानं आज इतकी सुरक्षित आहेत त्यात ऑटोमेशनचा मोठा वाटा आहे. मुंबईहून लंडनला मी टायगर मॉथनं जाणार नाही. माझं म्हणणं एवढंच की यंत्र सोपं करणं आणि यंत्रानं बोलणं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही त्या एकच समजून बसलोय. हा फरक पुस्तकातून नीट कळत नाही. रीड वाजताना स्टिक लिबलिबीत झालेली एकदा हाताला लागली की कळतो. म्हणून ही जुनी यंत्रं चालती राहायला हवीत आणि शिकणाऱ्यांच्या हातात जायला हवीत.

आता राहिलेले आक्षेप. ‘श्रीमंतांचे चोचले.’ इंग्लंडात चालती एमजीबी नव्या साध्या हॅचबॅकपेक्षा स्वस्त मिळते, आणि आठ-दहा जणांनी मिळून एक विमान बाळगणं ही तिथली जुनी रीत आहे. तरी उड्डाण महाग आहे, आणि भारतात तर ते फारच थोड्यांच्या आवाक्यात आहे, हे खरंच. पण महाग आहे म्हणून निरर्थक, हा तर्क आपण परदेशी सहलींना आणि लग्नाच्या हॉलना लावत नाही. आणि कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षं खपून विमान बांधणाऱ्या, आणि २०१७मध्ये त्याची अधिकृत नोंदणी मिळवणाऱ्या अमोल यादवांना चोचले करणारा माणूस म्हणायची हिंमत कुणी करू नये.

‘जीव जातो.’ हो, जातो. लोटसच्या हलकेपणाची किंमत माणसांनी मोजली: जिम क्लार्क १९६८मध्ये हॉकेनहाइमला गेला, योखेन रिंट १९७०मध्ये मॉन्झाला, दोघेही चॅपमनच्या गाड्यांत. जुन्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. छोट्या विमानांचे स्टॉलमुळे होणारे अपघात आजही थांबलेले नाहीत. यंत्र खरं बोलतं, पण ऐकायचं काम आपलंच असतं. म्हणून मी कुणाला लोटस सेव्हननं मुलांना शाळेत सोडायला सांगत नाही. धोका कळूनसवरून, शिकून, स्वतःपुरता घेणं वेगळं. हिमालयात चढणाऱ्याला आपण ते स्वातंत्र्य देतो.

‘प्रदूषण.’ इथे छंदवाल्यांनी खोटं बोलू नये. छोट्या विमानांचं नेहमीचं पेट्रोल अजूनही शिसं घातलेलं असतं. मोटारींतून शिसं जाऊन जमाना झाला. अमेरिकेच्या विमान नियामकानं बिनशिशाच्या एका पर्यायाला २०२२मध्ये मान्यता दिली. तो बदल लवकर व्हावा यासाठी सर्वांत मोठा आवाज उडणाऱ्यांचाच असायला हवा, आणि तो तसा नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि ‘हे सगळं स्मरणरंजन आहे.’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो अर्ध्या छंदवाल्यांना बरोबर लागू पडतो. वातानुकूलित गॅरेजात झाकून ठेवलेली, वर्षातून एकदा ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाणारी, भाव वाढायची वाट पाहणारी गाडी म्हणजे चार चाकांची मुदत ठेव. तिच्याशी माझं देणंघेणं नाही. दुर्दैवानं आपल्या कायद्याला तीच गाडी कळते. भारतात २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर माफ असतो आणि ती घेऊन तुम्ही मंगळवारी भाजी आणायला जाऊ शकता. एका देशाला ते वापरायचं यंत्र वाटतं, दुसऱ्याला हार घालायचा फोटो.

जेआरडी टाटांचं उदाहरण आपण नेहमी असाच फोटो म्हणून देतो. १९२९मध्ये त्यांना भारतात दिलं गेलेलं पहिलं वैमानिकाचं लायसन्स मिळालं, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ घेऊन टपालाच्या पिशव्यांसह ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण १९८२मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते त्याच घराण्यातलं लेपर्ड मॉथ घेऊन पुन्हा कराचीहून मुंबईला एकटे उडत आले. समारंभाला पाहुणा म्हणून हजर राहणं त्यांना सहज शक्य होतं. त्या वयात एवढं अंतर हातानं चालवायचं तर जुनी आठवण उपयोगाची नसते. त्या क्षणी वारा काय सांगतोय ते हाताला कळावं लागतं.

माझ्या व्यवसायबंधूंकडे एकच मागणं आहे. जे काही लपवायचं ते लपवा, पण यंत्राची मर्यादा लपवू नका. सेन्सरवर भरवसा नसेल तर ‘मला कळत नाही’ असं सांगा. गप्प बसू नका आणि स्पीकरवर खोटा आवाज वाजवू नका. आणि बाकीच्यांना सुचवण्यासारखं बरंच स्वस्त आहे. कुणा नातेवाइकाकडे कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० अजून चालती असेल, तर भंगारात जाण्याआधी एकदा मागून घ्या. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, पॉवर स्टिअरिंग नाही. रिकाम्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, बेतानं, एखाद्या लांब वळणावर ती स्टिअरिंगमधून काय सांगते ते ऐका. रेडिओ मात्र बंद ठेवा.